बारा फुटांवरचा माणूस

अख्ख्या खानदेशात माणसांकडे इतकं टक लावून बघणारा आणि तरीही एकाच्याही नजरेला नजर न देणारा गृहस्थ एकच आहे, आणि माझ्या पत्रिकेत काय लिहिलं होतं कोण जाणे, तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या सासऱ्यांना दोन मुली. थोरली जळगावला दिली आणि धाकटी धुळ्याला, म्हणजे मला. थोरलीला मी अक्का म्हणतो. अक्काचे यजमान भूमापन खात्यात सर्वेअर होते. चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत त्यांनी जन्मभर लोकांची शेतं मोजली, भांडणारे बांध दाखवून दिले, हद्दीवर चुना टाकला आणि वेळ झाली तसे निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, नाहीतर सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. साडूभाऊंनी रीळ घालायचा एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि रस्त्यावरच्या माणसांचे काळेपांढरे फोटो काढायला सुरुवात केली, तेही त्या माणसांना पत्ता लागू न देता.

आता हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण दिवसाला पन्नास फोटो काढतो, त्यात मोठंसं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही एकदा म्हणालो होतो. त्यावर त्यांनी मला मेहरूणच्या तलावाकाठी दोन तास बसवून समजावलं. "रंग म्हणजे नुसता कालवा," ते म्हणाले. "साडी लाल आहे हे बघण्यात माणूस इतका गुंततो की साडीतली बाई हसतेय का रडतेय हे त्याला दिसतच नाही." त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की फोटोतल्या माणसाने आपल्याकडे बघितलं की फोटो मेला. आणि तिसरा, सगळ्यांत कडक, की ज्याचा फोटो काढायचा त्याच्याशी चुकूनही बोलायचं नाही. ओळख झाली की माणूस आपल्यासाठी वेगळा चेहरा करतो, आणि तो चेहरा तर आधार कार्डावरही असतो. या नियमापायी आपल्या घरासमोरच्या इस्त्रीवाल्याशी ते तीन वर्षं बोलले नाहीत. कपडे अक्का नेऊन देई, हे खिडकीतून त्याचा फोटो घेत.

कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यांनी करडा सफारी शिवून घेतला. एक नाही, चार. त्यांच्या मते करडा रंग हा रस्त्याचा, भिंतीचा आणि धुळीचा रंग असल्यामुळे त्यात माणूस विरघळून जातो. प्रत्यक्षात मे महिन्याच्या उन्हात पूर्ण सफारी घालून, टोपी खाली ओढून, विजेच्या खांबामागे अर्धा लपून उभा राहिलेला माणूस जळगावात एकच असल्यामुळे त्यांना सगळं गाव ओळखतं. हेल्मेट न घातलेले मोटारसायकलवाले त्यांना बघून गल्ल्यांमध्ये शिरतात. त्यांना वाटतं, वाहतूक पोलिसांनी दंडाच्या फोटोसाठी नवीन माणूस नेमला. भुसावळच्या फलाटावर एका म्हाताऱ्या बाईने त्यांना जनगणनेचा माणूस समजून आपल्या घरची सात नावं वयासकट सांगितली होती. साडूभाऊंनी ती निमूटपणे वहीत लिहून घेतली, कारण नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं.

त्यांच्या कॅमेऱ्यात आपोआप काही होत नाही. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते अंदाजाने ओळखून भिंगावरचा आकडा आधीच लावून ठेवायचा, मग कॅमेरा डोळ्याला लावण्याचीही गरज नाही, पोटाशी धरून खटका दाबला की झालं. यात मात्र साडूभाऊंचा हात धरणारा कुणी नाही. जन्मभराची मोजणी त्यांच्या डोळ्यांत उतरली आहे. जेवायला बसले तर म्हणतात, "ठेचा माझ्यापासून साडेतीन फूट आहे, जरा दोन फुटांवर आणा." मोजमापात हयगय त्यांना खपत नाही. आमच्या सासऱ्यांच्या शेजाऱ्याने बांधावरून तंटा काढला तेव्हा मोजणीला नेमके जावईबापू आले. सासऱ्यांनी आदल्या दिवशी मांडे करून घातले. जावयाने मांडे खाल्ले, हात धुतले, साखळी टाकली आणि सासऱ्यांची चार फूट जमीन शेजाऱ्याची निघते म्हणून चुना टाकून मोकळे झाले. सासरे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "जमीन खोटं बोलत नाही, मग आपण कशाला बोलायचं," एवढंच साडूभाऊ मला म्हणाले. चुन्याबद्दल त्यांच्या मनात देव्हाऱ्यातल्या हळदकुंकवाइतका आदर होता, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवलेलं बरं.

रिळं धुण्याचं काम ते स्वतः न्हाणीघरात करतात. त्या औषधाला पाणी लागतं थंड, आणि उन्हाळ्यात जळगावच्या नळाला थेट चहाला चालेल असं पाणी येतं. म्हणून होळीपासून दसऱ्यापर्यंतची सगळी रिळं अक्काच्या फ्रीजमध्ये आमरसाच्या पातेल्याशेजारी पडून असतात, आणि चैत्रात टिपलेला माणूस मार्गशीर्षात दिसतो. हिवाळा लागला की न्हाणीघराच्या दाराखाली सतरंजी कोंबली जाते, आत काळोख होतो आणि घरातल्यांच्या आंघोळी रद्द होतात. धुतलेली रिळं वाळत घालायची जागा म्हणजे कपड्यांची दोरी. एका चिमट्याला अक्काचा परकर, शेजारच्या चिमट्याला सुभाष चौकातली छत्तीस माणसं. अक्का ती उन्हात धरून बघते आणि सुस्कारा टाकते. "हाऊ मानूस बठ्ठा गावले देखस," ती मला अहिराणीत म्हणाली, "घरमा काय शे ते मातर देखत नही." पण रीळ वाळताना घरात कुणी पंखा लावला तर सर्वांत आधी तीच ओरडते.

माझ्या मुलीचा साखरपुडा धुळ्याला झाला तेव्हा फोटोंची जबाबदारी मी हौसेने त्यांच्यावर टाकली. माझी बायको नको म्हणत होती. बायकोचं ऐकावं ही अक्कल मला दीड महिन्याने, फोटो हातात आल्यावर सुचली. छत्तीस फोटोंत आचाऱ्याची पाठ होती, बँडवाल्याने काढून ठेवलेला बूट होता, स्वतःची चप्पल शोधणारे व्याही होते, आणि भरीत वाढून घेताना पुढच्याच्या ताटात नजर घालणाऱ्या विहीणबाई तर तीनदा होत्या. नवरानवरी एका फोटोत सापडली, तीही पडद्यामागे बसून एकच वाटी बासुंदी दोघं खाताना. मी कपाळाला हात लावला. हा अल्बम व्याह्यांकडे कसा पाठवायचा या काळजीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मुलीनेच तो परस्पर नेऊन दाखवला. विहीणबाई म्हणे पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं, आणि बासुंदीचा फोटो त्यांनी दिवाणखान्यात लावला. आजही तो तिथेच आहे.

तर असे हे साडूभाऊ चार हिवाळे एकाच फोटोच्या मागे होते. जुन्या जळगावात एक अरुंद गल्ली आहे, तिच्या वळणावर कडुनिंबाखाली एक पिंजारी बसत असे. करीमचाचा. यंत्रावर कापूस पिंजून देणारी दुकानं आता जागोजाग झाली, पण यंत्र कापूस चावतं असं चाचांचं मत होतं. ते दिवाळीनंतर येत, चटई अंथरत, धनुष्यासारखं मोठं पिंजण झाडाला टांगत आणि लाकडी ठोकळ्याने त्याची तात छेडत बसत. तातेचा टणत्कार सगळ्या गल्लीत घुमे आणि कापूस हवेत उडे. सकाळी साडेदहाच्या सुमाराला दोन घरांमधल्या फटीतून उन्हाची एक तिरपी पट्टी तिथे पडायची, आणि त्या पट्टीत तो कापूस, मागे काळोखं दुकान, मध्ये खाली मान घालून बसलेला पांढऱ्या दाढीचा माणूस. साडूभाऊंनी एकदा मला ते नेऊन दाखवलं. "हा एक फोटो मिळाला की कॅमेरा ठेवून दिला तरी चालेल," ते म्हणाले. पण कधी मध्ये हातगाडी येई, कधी ढग. आणि चाचांची चटई रोज वीतभर इकडे तिकडे सरके, त्यामुळे बारा फुटांचं माप चुके. अर्थात त्यांना चटई एका जागी घाला म्हणून सांगण्याची सोय नव्हती, कारण मग बोलावं लागलं असतं.

यावर साडूभाऊंनी आपल्या परीने तोडगा काढला. एका दुपारी चाचा नमाजाला गेले असताना ते पिशवीत चुना घेऊन आले. चटईच्या कडेने एक सरळ रेघ ओढली, तिथून टेपने बरोबर बारा फूट मोजले, स्वतःला उभं राहायच्या जागी एक फुली मारली, हात झटकले आणि घरी येऊन समाधानाने झोपले. रेघेवरून अंतर कळेल एवढाच त्यांचा हिशेब. आयुष्यभर मोजणी करणारा सफारीतला माणूस भर दुपारी भर गल्लीत चुना टाकून गेला म्हणजे काय होईल, हे त्यांच्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं असतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली होती की रस्ता रुंद होणार आणि रेघेच्या पुढचं सगळं जाणार. बांगडीवाल्याने छपराचा पत्रा काढला. भांडीवाल्याने बाहेर मांडलेली घमेली आणि पातेली आत ओढली, तर त्याला स्वतःला बसायला जागा उरेना. कापडवाल्याने तर सरकारने तोडण्याआधी आपणच तोडावं म्हणून वडिलांच्या वेळचा ओटा पहारीने फोडला. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ साडेदहाला पोचले तेव्हा गल्ली मैदानासारखी मोकळी होती. आधी त्यांना आनंदच झाला, कारण उन्हाची पट्टी एवढी लांब कधीच पडली नव्हती. मग कडुनिंबाकडे लक्ष गेलं. खाली चटई नव्हती, वर पिंजण नव्हतं. रस्त्याच्या सर्वांत कडेला बसणारा माणूस सर्वांत आधी उठून गेला होता.

साडूभाऊ दुकानादुकानांत जाऊन खरं सांगू लागले. ती खूण मी फोटोसाठी केली होती, म्हणाले. जे कधी बोलले नाहीत ते असं काही बोलू लागल्यावर कोण विश्वास ठेवणार? दुकानदारांनी एकमेकांकडे बघितलं, साहेब आतली बातमी फोडत नाहीत असं ठरवलं आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. चार दिवसांनी काहीच घडलं नाही तेव्हा पत्रे परत चढले आणि पातेली बाहेर आली. पण चाचा आले नाहीत. ते अमळनेरला मुलीकडे निघून गेल्याचं कळलं, आणि कडुनिंबाखाली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका तरुणाने टेबल मांडलं.

त्या दिवशी साडूभाऊंचा मला धुळ्याला फोन आला. "मी त्या माणसाची जागा घालवली," ते म्हणाले. "चाळीस वर्षांची. तुम्ही अमळनेरला या. मला त्यांच्याशी बोलता येणार नाही." इतका खचलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, सासरे बोलायचे बंद झाले तेव्हासुद्धा नाही. मी एसटीने गेलो, ते रेल्वेने आले, आणि विचारत विचारत आम्ही चाचांच्या मुलीच्या अंगणात जाऊन पोचलो. चाचा उन्हात बसले होते. रिकाम्या हातांनी बसायची सवय नसल्यामुळे नातवंडाची उशी उसवून त्यातला कापूस बोटांनी मोकळा करत होते. साडूभाऊ माझ्या मागे, सवयीप्रमाणे, खांबाच्या आडोशाला.

मी म्हटलं, "चाचा, हे आमचे साडू. तुम्ही ओळखणार नाही."

"वळखस ना मी त्यास्ले," चाचा म्हणाले. "चार हिवाळा व्हयनात, खांबाना आड उभा ऱ्हातस. मी म्हनं, घरमा गादी नही व्हई बिचाराना. कापूस देखीसन जीव भरस व्हई त्याना. म्हनीसन मी कधी वर देखेच नही. लाज वाटी त्यास्ले."

मी मागे वळून साडूभाऊंकडे बघितलं. आपण कुणाला दिसत नाही या भरवशावर त्यांनी चार वर्षं काढली होती, आणि बारा फुटांवरच्या त्या म्हाताऱ्याने या गरीब माणसाला संकोच होऊ नये म्हणून चार वर्षं मान वर केली नव्हती. साडूभाऊंचा चेहरा रंगीत फोटोतच शोभला असता.

परत चला म्हटल्यावर चाचा हसले. "जागा गई आते. तठे पोऱ्या बसना. नि चुना तं सरकारना. त्यानासंगे कोन भांडस?"

तेव्हा साडूभाऊ खांबाआडून बाहेर आले. टोपी काढली. ज्याचा फोटो काढायचा त्या माणसाशी ते जन्मात पहिल्यांदा बोलले. "तो चुना सरकारचा नव्हता, चाचा," ते म्हणाले. "माझा होता. माझी चूक झाली. तुमची जागा मी मोजून देतो."

मोजून देतो म्हणजे काय, ते मला सोमवारी कळलं. बरोबर साडेदहाला साडूभाऊ कडक इस्त्रीचा सफारी घालून गल्लीत शिरले. बगलेत टेप, एका हातात वही, दुसऱ्या हातात चुन्याची पिशवी. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. त्यांनी विजेच्या खांबापासून माप घेतलं, वहीत लिहिलं, पुन्हा घेतलं, मान हलवली. कव्हरवाला तरुण उठून उभा राहिला आणि न सांगताच टेबल आठ फूट पलीकडे घेऊन गेला. मग साडूभाऊ वाकले आणि कडुनिंबाखाली सहा फूट लांब, चार फूट रुंद असा स्वच्छ चौकोन आखला. कापडवाला धावत आला. "साहेब, हे काय?" साडूभाऊ म्हणाले, "मोजणी झाली." एवढंच. एका अक्षरानेही ते खोटं बोलले नाहीत. पण वळणाआड आल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. हाताचा चुना भिंतीला लागला. "सासऱ्यांसाठी एक वीतभर हद्द सरकवली नाही मी," ते म्हणाले, "आणि आज चोवीस चौरस फूट खोटी टाकली." मी म्हटलं, "साडूभाऊ, ती एवढीच खरी." घरी जाताना त्यांनी रसवंतीवर थांबून दोघांना मोठे ग्लास सांगितले. तिथल्या रसवाल्याचा फोटो काढायचा राहिला होता, तरी त्याच्याशी चक्क बोलले.

चाचा त्याच आठवड्यात परत आले. चौकोनात चटई अंथरली, पिंजण टांगलं. आता चटई सरकणार नव्हती, ऊन वेळेवर येत होतं, मध्ये गाडी घालायची कुणाची हिंमत नव्हती. साडूभाऊ फुलीवर उभे राहिले. तात वाजली, कापूस उडाला, आणि चाचांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. "या साहेब, बसा." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत चाचा हसत सरळ आपल्याकडे बघताहेत, चार-पाचांत तर ठोकळा धरलेल्या हाताने सलाम करताहेत. ज्या फोटोसाठी चार वर्षं वाट बघितली तो आता कधीच मिळणार नव्हता. अक्काने दोरीवरचं रीळ उन्हात धरलं आणि म्हणाली, "हाऊ एक चांगला उना. मानूस आपलाकडे देखस." साडूभाऊंनी मान डोलावली. "फसला," ते म्हणाले, आणि त्यातला एक मोठा करून दाराशेजारी लावला. त्यांच्या घरात भिंतभर माणसं आहेत, सगळी आपापल्या कामात, कुणी तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. निघताना चप्पल घालायला वाकलं की तेवढे चाचा तुमच्याकडे बघतात.

चाचा त्यानंतर दोन हिवाळे बसले. साडूभाऊ रोज जात, कधीकधी कॅमेरा न घेताही. घरी आता चाचांनी पिंजलेल्या चार गाद्या आहेत आणि झोपणारी माणसं दोन. यंदा चाचांचे गुडघे गेले. मुलीने त्यांना अमळनेरला ठेवून घेतलं आहे.

परवा मी जळगावला गेलो तेव्हा आम्ही दोघे त्या गल्लीत गेलो होतो. चुना दोन पावसाळ्यांत केव्हाच धुऊन गेला. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. कव्हरवाला तरुण अजून आठ फूट पलीकडेच होता. साडूभाऊ फुली नसलेल्या फुलीवर जाऊन उभे राहिले, बराच वेळ थांबले आणि त्यांनी एकदाच खटका दाबला. मी म्हटलं, "कशाचा काढला? तिथे काहीच नाही."

"बघा ना," ते म्हणाले.

मी बघितलं. एक केळीची गाडी आली आणि कडुनिंबापाशी येऊन उगाचच बाजूला वळली. तिच्यामागून शाळेच्या दोन मुली आल्या, त्याही वळल्या. एक सायकलवाला, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, सगळे त्या सहा बाय चार मोकळ्या जागेला वळसा घालून जात होते, आणि एकानेही आमच्याकडे बघितलं नाही.